मूठ उघडण्याची आज्ञा

त्या फेब्रुवारीत मी प्रयोगशाळेचं अर्थिंग चौदा वेळा बदललं. ट्यूबलाइट काढून टाकल्या, टेबल खिडकीशी ओढलं, शेजारच्या खोलीतला फ्रीज बंद करायला लावला. त्या फ्रीजमध्ये कुणाची तरी खारवलेली हेरिंग मासळी होती, ती खराब झाली आणि माझ्या दारावर एक तिरसट चिठ्ठी लागली. तरी स्पीकरमधली गुणगुण काही जाईना. आमचा विभागप्रमुख प्रेबेन रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "विबेके, तुझं यंत्र माणसाच्या नसेपेक्षा भिंतीतली वीज जास्त चांगली ऐकतं."

काम सांगायला सोपं होतं. हाताकडे जाणाऱ्या नसेत हजारो तंतू असतात. काही मेंदूच्या आज्ञा खाली नेतात, काही बोटांना झालेला स्पर्श वर आणतात. त्या सगळ्यांचं एकत्र बोलणं ऐकून उपयोग नसतो; नेमका कोण काय म्हणतोय ते वेगळं काढता आलं पाहिजे. त्यासाठी आम्ही एका माणसाच्या दंडात, काखेजवळ, तीन नसांभोवती पातळ पट्ट्या गुंडाळल्या होत्या आणि त्यांवर मिळून प्लॅटिनमचे सोळा बिंदू होते. प्रत्येक बिंदूने आपल्याजवळच्या तंतूंचंच ऐकायचं. 'मूठ मीट' आणि 'मूठ उघड' या दोन आज्ञा वेगळ्या सापडल्या, की टेबलावरचा यांत्रिक पंजा त्यांवर चालवायचा. बस्स, एवढंच. पण नसेचा संकेत व्होल्टच्या काही दशलक्षांशाएवढा, आणि शेजारचा स्नायू हजारपट मोठ्याने ओरडणारा. माझी दहा वर्षं त्या ओरडण्यात गेली होती.

तो माणूस म्हणजे आस्गर ब्रिंक. वय एकोणसाठ, राहणार हर्ट्सहाल्स या बंदरगावी, आयुष्य मासेमारीच्या बोटींवर गेलेलं. तीन वर्षांपूर्वी भर समुद्रात जाळ्याच्या पोलादी दोराने त्याचा डावा हात कोपरापासून नेला होता. इस्पितळात तो आणखी थोडा वर कापावा लागला. आता दंडाच्या मध्यावर एक गुळगुळीत टोक होतं आणि त्याच्या वर, कातडीतून बाहेर आलेल्या केसांएवढ्या तारा. इस्पितळाच्या नीतिसमितीने आम्हाला तीस दिवसांची परवानगी दिली होती. एकतिसाव्या दिवशी तारा काढायच्या, जमलं असो वा नसो.

त्याची बायको गुद्रुन त्याला रोज सकाळी गाडीने ऑलबोर्गला आमच्या प्रयोगशाळेत आणून सोडायची आणि दुपारपर्यंत बाहेर बाकावर विणत बसायची. थर्मासमधली कॉफी ती मलाही द्यायची. मी एकदा तिला म्हणाले, की इतके तास बसून कंटाळा येत असेल. ती म्हणाली, तीस वर्षं बंदरावर वाट बघितली, इथे निदान हीटर आहे.

पहिल्या दिवशी आम्ही नकाशा केला. प्रत्येक बिंदूतून अगदी बारीक प्रवाह सोडायचा आणि आस्गरला कुठे जाणवतं ते विचारायचं. तो डोळे मिटून सांगत गेला. करंगळी. अंगठ्याचं टोक. अकराव्या बिंदूला तो म्हणाला, तळहात, अगदी मधोमध. चौदाव्याला म्हणाला, मनगट, मागच्या बाजूने, घड्याळाचा पट्टा घट्ट झाल्यासारखं. मी कागदावर एका डाव्या पंजाची आकृती काढून त्यात आकडे भरले. त्यात वेगळं काही नव्हतं. हात जातो, मेंदूतली त्याची जागा राहते. हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवते.

"आणि आत्ता, प्रवाह नसताना, तो हात कसा आहे?" मी विचारलं.

"मिटलेला," आस्गर म्हणाला. "कायम मिटलेला."

पहिल्या आठवड्यात सोळापैकी सहा बिंदू मेले. उरलेल्यांपैकी दोहोंवर तिसऱ्याच दिवशी 'मीट'ची आज्ञा इतकी ठळक मिळाली, की मी प्रेबेनला ओढत आणलं. आस्गरने नसलेली मूठ आवळली आणि टेबलावरचा पंजा खाडकन मिटला. प्रेबेनने स्वतःचा मग खाली ठेवला. हे तो सहसा करत नाही.

पण 'उघड' येईना.

चौथा दिवस गेला, पाचवा, नववा. मी पडद्यावर हिरवी चौकट दाखवायचे, म्हणजे मीट. पिवळी दाखवायचे, म्हणजे उघड. हिरव्याला काही चुकत नव्हतं. पिवळ्याला नसेवर सपाट रेघ. मी संकेताची गाळणी बदलली, अँप्लिफायर बदलला, मोजण्याची पद्धत बदलली. बिंदू शाबूत होते. प्रवाह सोडला की आस्गरला नसलेल्या हाताच्या मागच्या बाजूला व्यवस्थित जाणवायचं. ऐकायला कान होता, बोलणारं कुणी नव्हतं.

बाराव्या दिवशी माझा तोल गेला. मी हेडफोन टेबलावर टाकला आणि त्याला सरळ म्हणाले, "आस्गर, तू प्रयत्नच करत नाहीयेस."

तो चिडला नाही. त्याने उजव्या हाताने कपाळ पुसलं. "तू बाई फार तावातावाने बोलतेस," तो म्हणाला. "आमच्या बोटीवर चालली असतीस."

"मला उत्तर दे."

"करतो प्रयत्न," तो म्हणाला आणि पडद्याकडे न बघता खिडकीबाहेर बघू लागला. पार्किंगच्या जागेत बर्फाचा चिखल झाला होता आणि त्यातून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं.

अकरावा बिंदू माझ्या लक्षात आला तो याच दिवसांत. आधी मी त्याच्याकडे बघतच नव्हते. तो स्पर्शाचा बिंदू, मला आज्ञा हव्या होत्या. पण 'उघड' कुठे दुसरीकडे पाझरत असेल का, म्हणून मी सगळ्या बिंदूंच्या नोंदी एकाखाली एक लावल्या आणि अकराची रेघ बघून थांबले. इतकी स्वच्छ रेघ मी दहा वर्षांत पाहिली नव्हती. गुणगुण नाही, स्नायूचा ओरडा नाही. स्पीकरला जोडली, तर पत्र्यावर बारीक वाळू सांडावी तसा एकसारखा आवाज.

पट्टीवर प्रत्येक बिंदूची दोन कडी असतात, सेंटिमीटरभर अंतराने. संकेत आधी कोणत्या कड्याला लागतो त्यावरून दिशा कळते. अकराव्यावर प्रत्येक वेळी आधी खालचं कडं आणि मग वरचं. म्हणजे संकेत हाताकडून डोक्याकडे येत होता.

याचंही उत्तर माझ्यापाशी होतं. कापलेल्या नसेच्या टोकाशी गाठ होते आणि ती आपली आपण बडबडत राहते. प्रेबेनही तेच म्हणाला. ज्या शल्यविशारदाने पट्ट्या बसवल्या होत्या, त्या बोदिलला मी बोलावलं. तिने दंडाच्या टोकाशी भुलीचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत टोकाची कातडी बधिर झाली आणि एकेक करून स्पर्शाचे बडबडणारे बिंदू शांत होत गेले. गाठ गप्प बसली होती.

अकरा चालूच होता.

बोदिलने आणखी थोडं औषध दिलं. आम्ही दोघी वाळू सांडल्याचा तो आवाज ऐकत उभ्या राहिलो. मग ती म्हणाली, की औषध नीट पसरलं नसेल; आणि हातमोजे काढताना, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "टोकाच्या खाली नस नाही, हे तुला ठाऊक आहे ना?"

प्रेबेनला मी नोंद दाखवली तेव्हा तो दोन मिनिटं बघत राहिला आणि एका बिंदूचा दुसऱ्यात शिरकाव होत असेल म्हणाला. मी म्हणाले, कुठल्या दुसऱ्यात, बाकीचे सगळे बंद आहेत. तो म्हणाला, "विबेके, अठरा दिवस राहिलेत. मला उघडणारा पंजा दे. भुतं नंतर मोज." त्याची चूक नव्हती. पण त्या दिवशी सायकलवरून घरी जाताना मी दोनदा लाल दिवा तोडला.

सोळाव्या दिवशी मी कपाटातून जुन्या टेपा काढल्या. काही वर्षांपूर्वी आम्ही धडधाकट विद्यार्थ्यांच्या तळहाताच्या नसेतून, मनगटापाशी सुई लावून, नोंदी घेतल्या होत्या: नुसती मूठ आवळताना, लाकडी दांडा धरताना, दुसऱ्याचा हात हातात घेताना. पहिल्या दोन्हींत रेघ चढते आणि स्थिर राहते. तिसऱ्यात तसं होत नाही. दुसऱ्याचा हात स्थिर नसतो. आपण दाबलं, की थोड्या वेळाने तोही दाबतो, आणि रेघेवर पहिल्या चढामागे दुसरा, जरा बुटका चढ येतो.

मी अकराव्याची नोंद शेजारी लावली. आस्गरने मूठ आवळली की रेघ चढत होती. अर्ध्या सेकंदाने दुसरा चढ येत होता.

मी त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी तपासल्या, एकशे वीस. एकशे वीस वेळा दुसरा चढ होता. मग मी पडदा बंद केला, माझा डबा उघडला आणि राईचा काळा पाव आणि चीज शेवटपर्यंत खाल्लं. चव काय होती ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आस्गरला विचारलं, नोंदी चालू असतात तेव्हा तळहातात काही जाणवतं का. त्याने मान हलवली. आधी तो हात दुखायचा, म्हणाला, तीन वर्षं रोज; तारा बसवल्यापासून दुखणं गेलं आहे, तळहातात काहीच कळत नाही. मूठ मिटलेली आहे एवढंच.

"मग मुठीत काय आहे?" मी विचारलं.

मी हे का विचारलं मला आजही सांगता येणार नाही. प्रश्न आमच्या यादीत नव्हता.

बाहेरच्या बाकावरून गुद्रुनच्या सुयांचा आवाज येत होता. आस्गर उठला, दार हलकेच लावून घेतलं, परत येऊन बसला आणि तारांचं कनेक्टर स्वतःच्या मांडीवर नीट ठेवलं, एखादं मांजर ठेवावं तसं.

तो जे बोलला ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण तो तुकड्या-तुकड्यांत बोलला. त्या दिवशी बोटीवर त्याच्याबरोबर गुद्रुनचा धाकटा भाऊ ट्यूगे होता. चाळिशीचा, जाडजूड, गाणं येत नसताना सारखा गाणारा. जाळं सोडताना ट्यूगेचा पाय दोरीच्या फासात गेला आणि तो बोटीच्या कडेवरून खाली ओढला गेला. आस्गर पालथा पडला, कडेवरून हात खाली टाकला आणि ट्यूगेचा हात त्याच्या हातात आला. त्याने धरला. खालून जाळ्याचं सगळं वजन ओढत होतं. पोलादी दोर कडेवरून त्याच्या हाताकडे सरकत होता आणि कप्तान ओरडत होता, सोड, सोड, हात जाईल. सगळ्यांना एवढंच माहीत होतं की आस्गरने सोडला नाही आणि हात गेला. गुद्रुनलाही तेच माहीत होतं. ट्यूगे सापडला नाही, हातही नाही.

"त्यांना वाटतं मी सोडला नाही," आस्गर म्हणाला. "मी सोडला, विबेके. म्हणजे सोडायचं ठरवलं. त्याच्या डोळ्यांत बघत होतो आणि मनात म्हणालो, सोड. हाताला सांगितलं मी. पण ते खाली पोचायच्या आत दोर आला."

त्याने मांडीवरचं कनेक्टर सरळ केलं.

"ट्यूगेला कळलं असेल का मी काय ठरवलं ते? तेवढंच मला रोज वाटतं. आणि तू रोज सकाळी मला पिवळी चौकट दाखवतेस."

मी त्याला सांगायला हवं होतं की राहू दे, 'मीट' मिळालंय, तेवढं पुरे. जिभेवर आलं होतं. पण पंचवीस तारखेला निधी देणाऱ्या मंत्रालयाची दोन माणसं बघायला येणार होती, आणि नुसता मिटणारा पंजा म्हणजे उंदराचा सापळा. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं समर्थन मी अजून करू शकलेले नाही.

अकराव्याबद्दल मात्र मी त्याला सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की तळहाताच्या बिंदूवर काहीतरी येतंय आणि ते कुठून येतंय ते मला कळत नाही. त्याने विचारलं, कोणत्या दिशेने. मी म्हणाले, खालून वर.

पुढचे आठ दिवस आम्ही हिरवी चौकट दाखवत राहिलो. पिवळी मी काढून टाकली. प्रेबेन रोज विचारायचा, मी रोज काहीतरी तांत्रिक कारण द्यायचे. अकराव्यावरचा दुसरा चढ आता अर्ध्या सेकंदाने येत नव्हता. त्याआधीच येऊ लागला होता. काही नोंदींत तर आस्गरने आवळायच्या आधी. मी घड्याळं तपासली. घड्याळं बरोबर होती.

मंत्रालयाची माणसं आली त्या दिवशी ऊन पडलं होतं. वेळ सकाळी अकराची. टेबलावर मेणबत्ती आणि दालचिनीचे गोड पाव मांडले होते, प्रेबेनने टाय बांधला होता. बोदिल भिंतीला टेकून उभी होती. आस्गरने आत येताना मला बाजूला घेतलं.

"आज पिवळी लाव," तो म्हणाला.

"लावायलाच पाहिजे असं नाही."

"लाव. मी रात्रभर विचार केला. तिकडे पोचेल का?"

"तिकडे काही नाहीये, आस्गर. नस दंडात संपते."

"तुझा अकरा नंबर काय म्हणतो?"

मी कनेक्टर जोडलं.

हिरवी चौकट. पंजा मिटला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. अकराव्यावर चढ, आणि त्याच्या आधी दुसरा.

मी पिवळी लावली.

आस्गरने डोळे मिटले. त्याच्या ओठांची हालचाल झाली, आवाज आला नाही. दंडाच्या टोकाशी कातडी थरथरली. आणि हाताच्या मागच्या बाजूच्या नसेवर, जिथे पंचवीस दिवस सपाट रेघ होती, तिथे आज्ञा आली. वरून खाली. स्वच्छ, लांब, एकच.

टेबलावरचा पंजा उघडला. सावकाश, बोट बोट करत.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रेबेनने माझा खांदा दाबला.

मी अकराव्याकडे बघत होते. रेघ उतरत गेली, जसा हातातला हात सुटत जातो तशी, आधी एका बाजूने, मग पूर्ण. वाळूचा आवाज थांबला. सपाट.

आस्गर डोळे उघडून हसत होता. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. "उघडला," तो म्हणाला. "विबेके, उघडा आहे. गार वारा लागतोय."

कुणीतरी त्याच्या हातात कॉफी दिली.

सेकंद मोजायची मला सवय आहे. एक्केचाळीस झाले होते.

मग चौदा नंबर बोलू लागला. मनगट, मागच्या बाजूने. पंचवीस दिवसांत त्याच्यावर एक ठिपकाही नव्हता. वाळूचा तोच आवाज, पण जाड. रेघ चढली आणि उतरली नाही.

दिशा मी बघितली. खालून वर.

आस्गर कप धरून माझ्याकडे झुकला. खोलीत सगळे बोलत होते, त्याचा आवाज फक्त मला ऐकू आला.

"गेला?"

"हो," मी म्हणाले. "शांत आहे."

मी स्पीकर बंद केला.

चौदा शेवटपर्यंत चालू राहिला. उरलेले पाच दिवस आस्गर हसत येत होता, पंजाने अंडी उचलत होता, गुद्रुनला आत बोलावून तिचा लोकरीचा गुंडा धरून दाखवत होता. त्याला मनगटाशी काही जाणवत नव्हतं. मी रोज विचारत होते, आडून आडून. रोज रेघ आदल्या दिवसापेक्षा वर होती. एकतिसाव्या दिवशी बोदिलने पट्ट्या काढल्या. मी त्या मिठाच्या पाण्याच्या भांड्यात ठेवून प्रत्येक बिंदू तपासला, कारण बिंदू सदोष निघाला असता तर मला झोप लागली असती. चौदावा सर्वांत उत्तम स्थितीत होता. पाण्यात त्याच्यावर काहीही येत नव्हतं.

आमचा निबंध त्या वर्षअखेरीस छापून आला. दोन बिंदूंच्या नोंदी प्रेबेनने वगळल्या. तळटीपेत 'अज्ञात विद्युत व्यत्यय' असं लिहिलं. मी तीन आठवडे त्याच्याशी भांडले. शेवटी त्याने विचारलं, त्या जागी तुला काय लिहायचंय, ते लिहून आण. मी कोरा कागद घेऊन बसले आणि तसाच परत केला.

त्याआधी, जूनमध्ये एका दुपारी गुद्रुनचा फोन आला. आस्गर मजेत होता. हात उघडाच आहे म्हणतो, दुखत नाही, गोळ्या बंद केल्या. बागेत बटाटे लावलेत. तिला सहज विचारायचं होतं, त्या तारांमुळे झोपेवर काही परिणाम होतो का. मी विचारलं, कसा परिणाम.

ती हसली. म्हणाली, काही नाही गं, झोपेत सरकतो तो. डाव्या कुशीला, पलंगाच्या कडेपर्यंत. दोनदा खाली पडला. म्हणून मी पलंग भिंतीला लावला, त्याची डावी बाजू भिंतीकडे. तर सकाळी बघावं तर भिंतीला चिकटलेला, दंड लालेलाल.

"सवय लागली असेल," मी म्हणाले.

तिलाही आधी तसंच वाटलं होतं. म्हणून गेल्या आठवड्यात तिने उशा उचलून पायथ्याशी नेल्या, म्हणजे त्याची डावी बाजू खोलीच्या मधोमध येईल आणि उजवी भिंतीकडे. डावीकडे सरकायचीच सवय असेल, तर तिच्याच अंगावर येईल, मग ती त्याला जागं करेल.

"मग?"

"मग काय. सकाळी तो पुन्हा भिंतीलाच. पालथा पडलेला, म्हणजे डावी बाजू परत भिंतीकडे, आणि दंड भिंतीत दाबलेला." सुयांचा आवाज थांबला, तेव्हा मला कळलं की ती बोलताना विणत होती. "झोप मात्र अगदी गाढ लागते हो त्याला. मी दोन्ही हातांनी ओढलं, तरी उठला नाही. इतका जड कसा झाला, तेच कळत नाही."

मी तिला विचारलं, ती भिंत कुठल्या बाजूची.

"बंदराच्या," गुद्रुन म्हणाली. "का गं?"